एक्सलला भोकं पाडायची ऑर्डर आली तर? घ्यायची की सोडायची?



गॅरेज, वेल्डिंग किंवा फॅब्रिकेशनचं काम सुरू करू बघणारी पोरं माझ्या टूल्सच्या दुकानात येतात, ट्रेनिंगला बसतात. हल्ली त्यांच्या मोबाइलमध्ये एक फोटो हमखास असतो. अमेरिकेतली जुनी, बुटकी, बोनेट उघडं असलेली गाडी. पुढची चाकं मडगार्डशिवाय, आणि त्या दोन चाकांच्या मधे आडवा लोखंडी दांडा, त्यात एका रांगेत गोल गोल भोकं. खाली प्रश्न ठरलेला: "भाऊ, आपल्या जीपला असं करता येईल का? गिऱ्हाईक पैसे द्यायला तयार आहे. घरच्या ड्रिलने जमेल?"

मी ड्रिल मशीन विकतो, बिट विकतो. "जमेल" म्हणालो तर माझा धंदा होतो. पण या प्रश्नात तुमचा धंदा आणि कुणाचा तरी जीव दोन्ही अडकलेत, म्हणून सगळं नीट उलगडून सांगतो. भोकं का पाडतात, लोखंडाच्या आत काय होतं, कायदा काय म्हणतो आणि याच हौसेतून सुरक्षित कमाई कशी काढायची, या क्रमाने जाऊ. शेवटी कॉस्टिंग आहे, ते वाचल्याशिवाय पान बंद करू नका.

ही भोकं आली कुठून?

अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात घ्यायची, नको तेवढा पत्रा काढून टाकायची आणि म्युरॉकसारख्या कोरड्या तलावाच्या सपाट मैदानावर पळवायची. फोर्डने १९३२ साली सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत व्ही-८ इंजिन दिलं आणि हा नाद जोरात वाढला. १९३७ साली तिथल्या क्लबांनी मिळून शर्यतींसाठी एक संघटनाही काढली.

शर्यतीत वजन कमी केलं की गाडी जोरात सुटते. म्हणून जिथे धातू जास्त वाटला तिथे भोकं पाडली. विमानाच्या सांगाड्यातही वजन कमी करायला अशी भोकं असतात. पुढे शर्यत बाजूला राहिली आणि भोकं शोभेची झाली. आज तिकडे तयार ड्रिल केलेले एक्सल विकत मिळतात आणि बहुतेक लोक ते दिसायला छान म्हणूनच बसवतात.

वजनाचं गणित आपणच करून बघू. समजा एक्सलच्या मधल्या पट्टीची जाडी १० मिमी आहे आणि आपण २० मिमीची १६ भोकं पाडली. एका भोकातून निघालेलं लोखंड साधारण ३.१४ घन सेंटिमीटर. पोलादाचं वजन घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम. म्हणजे एका भोकाला सुमारे २५ ग्रॅम, सोळा भोकांना ४०० ग्रॅम. हजार-बाराशे किलोच्या गाडीत ४०० ग्रॅम! ड्रायव्हरने पाण्याची बाटली घरी ठेवली तरी यापेक्षा जास्त वजन वाचेल. तेव्हा गिऱ्हाईक "मायलेज वाढेल, पिकअप वाढेल" म्हणालं तर हा हिशेब त्याच्यासमोर मांडा. हे काम फक्त दिसण्यासाठी आहे, हे आधी दोघांनी मान्य करा.

आधी एक्सल ओळखा

सगळ्या गाड्यांना फोटोतल्यासारखा एक्सल नसतो. ॲम्बेसेडरला पुढे अखंड दांडाच नाही, तिची दोन्ही चाकं स्वतंत्र आहेत. फोर-व्हील ड्राइव्ह जीपच्या पुढच्या एक्सलमध्ये फिरणारे शाफ्ट आणि ऑइल असतं. त्या नळीला भोक पाडलं की ऑइल बाहेर आणि धूळ आत. तिथे विषय संपला.

खरा आय-बीम एक्सल बघायचा असेल तर धुळ्याला मुंबई-आग्रा हायवेवरच्या कुठल्याही ट्रक गॅरेजला जा. पिटवर उभ्या ट्रकच्या पुढच्या चाकांच्या मधे वाकून बघा. दांडा बाजूने कापला तर इंग्रजी आय अक्षरासारखा दिसेल: वर एक आडवी पट्टी, खाली एक आडवी पट्टी आणि दोन्हींना जोडणारी मधली उभी पट्टी. हा फोर्जिंगचा माल असतो, म्हणजे तापवलेलं पोलाद साच्यात दाबून-ठोकून घडवलेलं. आपल्या पुण्यात मुंढव्याला १९६१ साली सुरू झालेली भारत फोर्ज असे एक्सल बीम बनवते आणि ते देशाबाहेरही जातात. त्या मालाला ठरलेल्या तापमानाला उष्णता देतात, कडकपणा तपासतात, बारीक चिरांसाठी चुंबकीय तपासणी करतात. आपण घरी ड्रिल लावतो तेव्हा या सगळ्या तपासणीच्या नंतर, तपासणीशिवाय, त्यात बदल करत असतो. हे डोक्यात पक्कं बसवा.

लोखंडाच्या आत काय चालतं?

चाकं जमिनीवरून एक्सलची टोकं वर ढकलतात आणि स्प्रिंगवाटे गाडीचं वजन खाली दाबतं. त्यामुळे दांडा मधे किंचित खाली वाकतो. खालची पट्टी ताणली जाते, वरची दाबली जाते. मधोमध अशी एक रेषा असते जिथे ना ताण ना दाब. म्हणून आय आकारात धातू वर आणि खाली जास्त ठेवलाय, मधे कमी.

आता एक उदाहरण. एक्सलची उंची ६० मिमी, पट्ट्यांची रुंदी ४५, पट्ट्यांची जाडी १२ आणि मधली पट्टी १० मिमी धरा. मधल्या पट्टीत, बरोबर मध्यरेषेवर २० मिमीचं भोक पाडलं तर वाकण्याला विरोध करायची ताकद त्या जागी जेमतेम १ टक्का कमी होते. पण वरच्या आणि खालच्या पट्टीतून एका बाजूला १२ मिमीचं आरपार भोक पाडलं तर तीच ताकद २५ टक्के जाते. भोक लहान, नुकसान पंचवीसपट! म्हणून फोटोत भोकं नेहमी मधल्या पट्टीतच दिसतात.

"मग मधे पाडली तर फक्त १ टक्का ना?" असं म्हणून ड्रिल उचलू नका. हा हिशेब सरळ रस्त्यावर शांत चालणाऱ्या गाडीचा आहे. यात तीन गोष्टी धरलेल्याच नाहीत.

पहिली, पीळ. ब्रेक मारला की चाक एक्सललाही फिरवायला बघतं. एका बाजूचा ब्रेक जास्त धरला किंवा एक चाक खड्ड्यात गेलं की पूर्ण दांडा कपडे पिळल्यासारखा पिळला जातो. आय आकार वाकण्याला भक्कम असला तरी पिळाला कच्चा असतो. एक्सलला धरणारे दांडे मधे एकत्र न जोडता वेगवेगळे करून बाजूला चेसिसला बांधले, जे हॉट रॉडमध्ये सर्रास करतात, तर एक चाक वर-खाली झालं की प्रत्येक वेळी हा पीळ बसतो.

दुसरी, भोकाची कड. ताणलेल्या रुंद पट्टीत गोल भोक असेल तर भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. हे गणित जर्मन इंजिनिअर किर्श यांनी १८९८ साली मांडलं आणि आजही इंजिनिअरिंगच्या पोरांना तेच शिकवतात. मध्यरेषेवर ताण कमी म्हणून तिप्पट होऊनही भागतं. पण भोक मध्यरेषेवरून सरकलं की तेच तिप्पट महागात पडतं. हाताच्या ड्रिलने सोळाच्या सोळा भोकं एका रेषेत येतील, याची खात्री आहे का?

तिसरी, थकवा. लोखंडी तार एकदा वाकवून तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. भोकाच्या आत ड्रिलचा एक ओरखडा राहिला तर चीर तिथून सुरू होते. रोज केसाएवढी पुढे सरकते. बाहेरून रंग चकचकीत. आणि एक दिवस ब्रेक मारल्यावर तुकडा पडतो. पुढचा एक्सल तुटला म्हणजे स्टेअरिंग गेलं. पुढे कोण असेल ते आपण ठरवत नाही.

काही जण भोकात पाइपचा तुकडा घालून कडेने वेल्डिंग मारतात, "म्हणजे मजबूत होईल." उलट आहे. फोर्जिंगच्या पोलादाला वेल्डिंगची उष्णता लागली की वेल्डच्या शेजारचा भाग ठिसूळ होऊ शकतो. चालत्या एक्सलवर वेल्डिंग नको म्हणजे नको.

घरच्या ड्रिलने का जमत नाही?

कडक पोलादात एचएसएस बिट मिनिटाला साधारण १५ मीटर कापण्याच्या वेगाने चालवायचा. २० मिमीच्या बिटसाठी हे मिनिटाला २४० फेरे होतात. घरातलं हँड ड्रिल यापेक्षा कितीतरी जोरात फिरतं. फेरे जास्त म्हणजे उष्णता जास्त. बिटची धार निळी पडते, भोक आतून भाजतं आणि कडक होतं. शिवाय बिट आरपार निघताना अडकला तर मशीन हातातून फिरतं, मनगट मोडतं. रेडियल किंवा मोठं पिलर ड्रिल, घट्ट पकड, कूलंट ऑइल, आधी ५ मिमीचं पायलट भोक, मग टप्प्याटप्प्याने मोठं, हीच पद्धत. चष्मा घालायचाच. हातमोजे मात्र ड्रिलवर घालायचे नाहीत, फिरता बिट मोजा ओढतो आणि मागोमाग बोट जातं. गळ्यात रुमाल-गमछा असेल तर काढून ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात तो सगळ्यांच्याच गळ्यात असतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. गाडीचा मूळ तपशील कंपनीने दिलाय त्यापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानेही केरळच्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं: परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही.

"भोकं पाडणं म्हणजे बदल की नाही?" हे आपण गल्ल्यावर बसून ठरवायचं नाही. गिऱ्हाइकाला सांगा, आरटीओत लेखी विचारून लेखी उत्तर आण. एमएच-१९ असो की एमएच-१८, नियम तोच. कागद आला तर पुढचं बोलू. दहापैकी नऊ जण कागद आणायला जाणारच नाहीत, आणि तेच तुमचं उत्तर आहे.

दुसरा कायदा बरेच जण विसरतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादन दायित्व आलंय आणि त्यात सेवा देणाराही येतो. म्हणजे तुमच्या कामातल्या दोषाने इजा झाली तर नुकसानभरपाई तुमच्याकडे मागता येते. बिलावर "ग्राहकाच्या जबाबदारीवर" असं लिहून घेतलं म्हणजे सुटलो, असं समजू नका. रस्त्यावर ज्याला लागलं त्याने तुमच्या बिलावर सही केलेली नसते. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल निघाला तर क्लेमही अडकू शकतो. म्हणजे एका बाजूला गिऱ्हाईक, दुसऱ्या बाजूला जखमी माणूस, आणि मधे तुम्ही.

मग हौस सोडून द्यायची का?

अजिबात नाही. पोळ्याला आपण बैल सजवतो. शिंगांना रंग, बेगड, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग. पण हौस आली म्हणून कुणी शिंगाला भोक पाडत नाही, आणि बैलगाडीचा आस कोरून कुणी नक्षी काढत नाही. सजावट वरून करायची, ज्याच्यावर भार आहे त्याला हात लावायचा नाही. तुमच्या दुकानाचा नियमही हाच ठेवा: स्टेअरिंग, ब्रेक, एक्सल, चेसिस या चार गोष्टींवर शोभेचं काम नाही.

या नियमात राहून तीन कामं निघतात.

१) भोकांचा भास. आपल्या हायवेवर ट्रक रंगवणारे पेंटर आहेत. एक्सल घासून, साफ करून ग्रे रंग, त्यावर मोजून काळे गोल, वरच्या कडेला बारीक सावली आणि खालच्या कडेला पांढरट रेघ. चार फुटांवरून भोकच दिसतं. स्टेन्सिल एकदा कापून ठेवा, पुढच्या गाडीला अर्ध्या वेळात काम होतं. लोखंडाला काहीही झालेलं नाही.

२) भार नसलेले भाग. सीटच्या बाजूची पट्टी, टूलबॉक्सचं झाकण, डॅशबोर्डखालची प्लेट, गॅरेजच्या भिंतीवरचं रॅक. हे लेझर कटिंगवाल्याकडून करून घ्या. एमआयडीसीत ही सोय आहे. एकदा डिझाइन बनवलं की शंभर पीस सारखेच येतात.

३) शो-पीस एक्सल. हे माझं आवडतं. भंगारातून ट्रकचा जुना आय-बीम घ्यायचा, साफ करायचा, भोकं पाडायची, पॉलिश किंवा पावडर कोटिंग करून ढाब्याच्या काउंटरचा पाया, कॅफेचा बेंच किंवा शोरूममधला लाइट स्टँड करायचा. धुळ्यात तर दोन मोठे हायवे एकमेकांना छेदतात, गाडीच्या थीमवर सजवलेल्या हॉटेलला गिऱ्हाइकाची कमी नाही.

तिसऱ्या कामात एक नियम मोडायचा नाही. भोकं पाडण्याआधी एक्सलच्या दोन्ही टोकांची किंगपिनची जागा गॅस कटरने कापून टाका. ते टोक राहिलं तर उद्या कुणीतरी तोच एक्सल स्वस्तात घेऊन पुन्हा ट्रकला लावेल. टोक कापलेला एक्सल फक्त शोभेचाच राहतो. गिऱ्हाइकाला हे सांगाही, तुमच्यावरचा विश्वास वाढतो.

आता कॉस्टिंग

आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमच्या गावचे भाव टाकून पुन्हा करा.

- भंगार एक्सल, ४० किलो, ४५ रुपये दराने: १८००
- टेम्पो भाडं: ३००
- ड्रिलिंग, १६ भोकं, प्रत्येकी १५ मिनिटं म्हणजे ४ तास, मशीन आणि कारागीर मिळून तासाला ३००: १२००
- बिट घासणं, धार लावणं, कूलंट: ३५०
- ग्राइंडिंग, पॉलिश, रंग: ९००

बेरीज ४५५०. वाया जाणाऱ्या मालासाठी ५ टक्के धरले की ४७७८. भाडं, लाइट बिल, फोन यासाठी १५ टक्के, म्हणजे साधारण ५५००. त्यावर २५ टक्के नफा १३७५. विक्री किंमत ६८७५, जीएसटी नोंदणी असेल तर तो वेगळा.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. खर्चावर २५ टक्के लावले म्हणजे विक्रीवर २५ टक्के सुटले, असं नाही. ६८७५ मध्ये १३७५ म्हणजे २० टक्के. गिऱ्हाइकाने १० टक्के डिस्काउंट मागितलं आणि तुम्ही हसत हसत दिलं, तर ६८७ रुपये गेले, म्हणजे तुमचा निम्मा नफा गेला. दहा टक्के ऐकायला छोटे वाटतात, नफ्यातून मोजा.

आता चालत्या गाडीच्या एक्सलची ऑर्डर बघा. समजा गिऱ्हाईक ८००० देतंय, खर्च ३०००, हातात ५०००. कागदावर शो-पीसपेक्षा साडेतीनपट नफा. पण या कॉस्टिंगमध्ये एक ओळ कमी आहे: तुटला तर काय? त्या ओळीत कुठला आकडा लिहाल? ज्या जोखमीची किंमत तुम्हाला लिहिता येत नाही आणि ज्याचा विमा तुमच्याकडे नाही, ते काम नफ्याचं नसतं. ते फक्त अजून तुटलेलं नसतं.

नाही कसं म्हणायचं?

आपल्याकडे ओळखीत धंदा चालतो. मामाचा पोरगा, शाळेतला मित्र, सगळे म्हणतात, "काय भो, एवढंसं काम नाही करत?" तोंडावर "होत नाही" म्हटलं की माणूस दुसऱ्या दुकानात जातो आणि तिथे कुणीतरी ड्रिल लावतोच. म्हणून नाही म्हणताना सोबत पर्याय ठेवा. असं बोला:

"भाऊ, चालत्या गाडीचा एक्सल आम्ही कुणाचाच ड्रिल करत नाही. तुमच्या घरची माणसं त्या गाडीत बसतात. पण हाच लूक मी तुम्हाला पेंटमध्ये करून देतो, हा बघा फोटो. नाही आवडला तर रंग काढून देईन, पैसे घेणार नाही."

"कुणाचाच" हा शब्द महत्त्वाचा. त्यामुळे त्याला वाटत नाही की मला टाळलं. पेंट केलेल्या एका नमुन्याचा फोटो मोबाइलमध्ये कायम ठेवा, बोलण्यापेक्षा फोटो लवकर पटतो.

आणि कुणी आधीच भोकं पाडलेली गाडी घेऊन आलं तर? रंग मारून झाकून देऊ नका. एक्सल उतरवून, रंग काढून चीर तपासायला सांगा. लाल डाय आणि पांढऱ्या डेव्हलपरने करतात ती डीपी टेस्ट यासाठीच असते, चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. चीर दिसली किंवा भोकं वर-खालच्या पट्टीत असली तर एकच उपाय, एक्सल बदलणं. वेल्डिंगने भरायचं नाही.

या आठवड्याचं काम

एक वही घ्या. तुमच्या दुकानात येणाऱ्या कामांची यादी करा आणि दोन रकाने पाडा: "भार असलेलं" आणि "भार नसलेलं". पहिल्या रकान्यातलं प्रत्येक काम तुम्ही कशाच्या आधारावर करता ते समोर लिहा: कंपनीचं मॅन्युअल, इंजिनिअरची सही की आरटीओचा कागद. ज्याच्यासमोर काहीच लिहिता आलं नाही, ते काम उद्यापासून बंद. दुसऱ्या रकान्यातलं एक काम निवडा आणि वर दिलंय तसं कॉस्टिंग करा, आपल्या गावच्या भावाने.

वही घेऊन दुकानात आलात तर सोबत बसून हिशेब तपासू. बिट घेतलाच पाहिजे असं नाही, चहा आहेच. पुढच्या व्हिडिओत लेझर कटिंगवाल्याकडून कोटेशन कसं मागायचं आणि त्यात कुठे पैसे जातात, ते बघू. तोपर्यंत काम करत राहा, आणि ड्रिल चालवताना गमछा काढून ठेवा!